पॉइंट बत्तीसवर भागतं का? नव्या परवानाधारकासाठी हँडगनची निवड आणि सराव

परवान्याची फाइल मंजूर व्हायच्या आधीच माणूस मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायला लागतो. ९ एमएम चांगलं की .४५, ग्लॉक घ्यावं की सिग, मॅगझिनमध्ये पंधरा राऊंड असावेत की सतरा. मग एक दिवस तो गन हाऊसमध्ये जातो आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, "साहेब, पिस्तूल दाखवू की रिव्हॉल्व्हर? बोअर बत्तीसच." तिथे सगळा अभ्यास संपतो.

आपल्याकडे ९ एमएम, .३८, .४५५ असे पोलीस-लष्कराच्या वापरातले बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे पीबीत मोडतात. सामान्य नागरिकाला जिल्ह्याच्या पातळीवर मिळतो तो एनपीबीचा, म्हणजे 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर'चा परवाना. कागदावर त्यात आणखी काही बोअर असले तरी दुकानात नवी कोरी हँडगन मिळते ती बहुतेक .३२ ची, क्वचित .२२ ची. १९८० च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात बंद झाली, त्याआधी आलेली परदेशी पिस्तुलं आजही हातोहात फिरतात. पण त्यांच्या किमती ऐकल्या की हौस फिटते.

म्हणजे कॅलिबर कायद्यानेच निवडून ठेवलंय. तुमच्या हातात उरतं ते पिस्तूल (काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये) की रिव्हॉल्व्हर (काडतुसं फिरत्या सिलिंडरमध्ये), काडतूस कुठलं आणि सराव किती. खरं सांगायचं तर जीव वाचायचा असेल तर तो याच तिन्हींवर वाचतो. हा लेख ज्याच्याकडे परवाना आहे किंवा ज्याने अर्ज केलाय त्याच्यासाठी आहे. देशी कट्टा, ओळखीतून आलेलं बिनकागदाचं पिस्तूल असल्या गोष्टींचा विचारही मनात असेल तर पुढे वाचू नका.

पहिली पायरी: परवान्याची वाट न बघता शिकायला लागा

अर्ज ऑनलाइन होतो. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तालय, इतरत्र जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. वय २१ पूर्ण हवं. चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचं हमीपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे सगळं लागतं. जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. पेट्रोल पंप, सराफी, रोकड नेणं-आणणं अशा धंद्यातल्या लोकांनी आधीच्या तक्रारींच्या प्रती जोडाव्यात. महाराष्ट्रात हात आखडताच असतो, त्यामुळे धीर धरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

हा सगळा काळ वाया घालवायचा नसतो. .१७७ ची १० मीटर एअर पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, वयाचा आणि ओळखीचा पुरावा पुरतो. जवळच्या रायफल क्लबात नाव घाला. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, आणि कोल्हापूरबद्दल वेगळं सांगायलाच नको. २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं आणणारी राही सरनोबत तिथलीच.

एअर पिस्तुलाचा स्वसंरक्षणाशी काय संबंध, असं नवखे विचारतात. संबंध चापाचा आहे. गोळी भलतीकडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चाप ओढताना अख्खा हात आवळला जाणं. एअर पिस्तुलात झटका नाही, मोठा आवाज नाही, छर्रा स्वस्त. त्यामुळे चूक लपत नाही आणि शंभर वेळा दुरुस्त करता येते. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या खाचेत मधोमध, नजर पुढच्या साइटवर, निशाण थोडं धूसर, आणि फक्त तर्जनी मागे येते, बाकीची बोटं जिथल्या तिथे. एवढं अंगात भिनायला काही महिने जातात. ते महिने परवान्याच्या प्रतीक्षेत फुकट मिळतात.

कॅलिबर: किती पुरेसं?

आकडे आधी बघून घेऊ. .३२ पिस्तुलाची गोळी, म्हणजे ७.६५ एमएम ब्राउनिंग किंवा .३२ एसीपी, साधारण ७१ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास वजनाची असते आणि सेकंदाला नऊशे फुटांच्या आसपास जाते. ऊर्जा १७० ज्यूलच्या घरात. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, जड पण संथ. ऊर्जा त्याहून थोडी कमी. .२२ त्याहूनही खाली. ९ एमएमची ४५० ज्यूलच्या पुढे. कागदावर बघितलं तर आपण स्कूटरवर आहोत आणि बाकीचं जग बुलेटवर.

पण ऊर्जेच्या आकड्याने माणूस थांबत नाही. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, प्रत्यक्षात कुठल्याही हँडगनने तसं होत नाही. हल्लेखोर थांबतो तो तीन कारणांनी. एक, बंदूक बघून किंवा गोळी लागल्यावर तो घाबरतो आणि पळतो. इथे कॅलिबरचा संबंध जवळजवळ नाही. दोन, रक्त जाऊन ताकद संपते; याला वेळ लागतो, आणि त्या वेळात तो बरंच काही करू शकतो. तीन, मेंदू किंवा मणक्याला इजा होते. हे झटपट होतं पण जागा लहान आणि हलती. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी गोळी योग्य जागी लागावी लागते आणि पुरेशी खोल जावी लागते.

खोलीचं महत्त्व अमेरिकेत फार महागात कळलं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे आठ एजंट आणि दोन बँकलुटारू यांच्यात चकमक झाली. एका लुटारूच्या दंडातून ९ एमएमची गोळी छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. जखम गंभीर होती, पण तो त्यानंतरही लढत राहिला आणि दोन एजंट प्राणाला मुकले. पुढे एफबीआयने मांसासारख्या घट्ट जिलेटिनच्या ठोकळ्यावर चाचण्या घेऊन गोळी किमान १२ इंच जावी, १८ च्या फार पुढे जाऊ नये, असा निकष ठरवला. मोठ्या कॅलिबरकडे मोर्चा वळवला, आधी १० एमएम, मग .४०. आणि २०१० च्या दशकाच्या मध्यात परत ९ एमएमवर आले. मधल्या काळात गोळ्या सुधारल्या होत्या, शिवाय झटका कमी असला की त्यांचेच एजंट जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारतात हे दिसलं होतं.

यातून .३२ वाल्याने काय घ्यायचं? .३२ एसीपीची साधी फुल मेटल जॅकेट गोळी, म्हणजे शिशावर तांब्याचं पूर्ण आवरण असलेली, सहसा ती १२ इंचांची पातळी गाठते. जखम अरुंद करते, पण पोचते. याच कॅलिबरच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ आणि लागल्यावर फुलणाऱ्या गोळ्या मात्र बहुतेक वेळा एक तर फुलत नाहीत, किंवा फुलतात आणि अर्ध्या वाटेत थांबतात. त्यामुळे आपल्याकडे हॉलो पॉइंट सहज मिळत नाही याचं .३२ वाल्याने दुःख करू नये. युरोपातल्या कितीतरी पोलीस दलांनी ७.६५ वर दशकंच्या दशकं काढली.

माझं मत विचाराल तर .३२ हा तळ आहे. त्याच्या खाली स्वसंरक्षणासाठी जाऊ नये. .२२ चं 'निडर' रिव्हॉल्व्हर वजनाला खेळण्यासारखं हलकं आणि खिशात मावणारं आहे, पण .२२ चं काडतूस रिमफायर असतं. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि तो न पेटण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसापेक्षा जास्त. सरावासाठी .२२ सारखं दुसरं काही नाही. मनगटात दम नसलेल्या वयस्कर माणसाला .२२ च झेपत असेल तर तेही ठीक, कारण लागलेली .२२ ही हुकलेल्या .३२ पेक्षा कामाची. इतरांनी .३२ घ्यावं.

आणखी एक. तुमची गरज फार्महाऊस किंवा मळ्यातल्या घराची असेल, शस्त्र अंगावर बाळगायचं नसेल, तर पहिला परवाना बारा बोअरच्या शॉटगनचा काढा. जवळच्या अंतरावर बारा बोअरचं एसजी किंवा एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस जे करतं ते कुठलीच हँडगन करत नाही. हँडगनचा एकच मोठा गुण, ती कमरेला राहते.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर हे जुन्या ब्रिटिश वेब्लीच्या वंशातलं: खटका दाबला की मधून मोडतं, काडतुसांची सहा घरं समोर येतात, रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. 'निर्भीक' हे २०१४ मध्ये आलेलं त्याचंच हलकं रूप, वजन साधारण अर्धा किलो, महिलांसाठी म्हणून जाहिरात झालेलं. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने 'प्रबल' आणलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हरही २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. पिस्तुलात ऑर्डनन्सचं 'अशनी' हे सगळ्यात जास्त दिसणारं.

हलकं शस्त्र म्हणजे चांगलं शस्त्र, हा समज दुकानातच सोडून या. हलक्या रिव्हॉल्व्हरचा झटका जास्त जाणवतो, आणि हॅमर, म्हणजे मागचा घोडा, न चढवता थेट चाप ओढायचा तर तो लांब आणि जड येतो. तेवढ्या ओढीत नळी हलते. दुकानात रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन, विचारून, सुरक्षित दिशेला धरून दहा वेळा थेट चाप ओढून बघा. सातव्या-आठव्या वेळी बोट थरथरायला लागलं तर तो नग तुमच्यासाठी नाही. पुन्हा एका गोष्टीसाठी सावध करतो: प्रत्येक वेळी अंगठ्याने हॅमर चढवून हलक्या चापावर मारायची सवय लावू नका. रेंजवर कागद सुरेख फाटतो, पण अंधारात घाबरलेल्या हातात चढवलेला हॅमर म्हणजे नको तेव्हा उडणारा बार.

रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा साधेपणाचा. काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढा, पुढचं घर समोर येतं. वर्षातून मोजक्या वेळा रेंजवर जाणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हरच घ्यावं. पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली दिसत नाही, मॅगझिन पटकन बदलता येतं. पण ते अडकतं, आणि अडकलेलं सोडवायची सवय हाताला असावी लागते. रोज दहा मिनिटं द्यायची तयारी असेल तरच पिस्तूल.

घेताना नग पारखून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फिनिशिंगचा फरक दिसतो. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून सोडा, कुठे खरखरतं का बघा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर प्रत्येक घराला नीट थांबतं का, हॅमर चढवल्यावर ते बोटाने डुगडुगतं का, हे सहाही घरांवर तपासा.

काडतुसं: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

'पॉइंट बत्तीस' या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. पिस्तुलाचं आखूड, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि रुंद कडेचं. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंसुद्धा, आणि म्हणूनच ते धोक्याचं. त्याचा दाब जास्त असतो. दुकानात "बत्तीसची द्या" एवढंच न म्हणता कशासाठी ते सांगा आणि पाकीट उघडून बघून घ्या.

बुडावर 'केएफ' असा ठसा दिसला तर ते काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं, म्हणजे १८६९ साली सुरू झालेल्या त्या आपल्या पुण्याच्या कारखान्यातलं. ठशासोबत वर्षही असतं, ते वाचा. दुकानात धूळ खात पडलेला जुना साठा सरावाला वापरा, ताजा साठा घरच्या शस्त्रात ठेवा. दमट कपाटात, तेल लावलेल्या कापडात गुंडाळून काडतुसं ठेवणारे लोक मी बघितलेत. कोकणात पावसाळ्यात तर हे हमखास. तेल प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या पेटणाऱ्या टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि काडतूस मरतं. काडतुसं कोरडी हवीत, तेल शस्त्राला.

रेंजवर एखादं काडतूस नाही पेटलं तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कधी कधी ते उशिरा पेटतं. मग बाहेर काढून बूड बघा. बुडावर आपटणाऱ्या पिनेचा ठसा खोल असून बार झाला नसेल तर दोष काडतुसाचा. ठसा उथळ, जेमतेम टोचल्यासारखा असेल तर पिन किंवा स्प्रिंग गळपटलीय. शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्या.

पिस्तूलवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. .३२ एसीपीच्या काडतुसाच्या बुडाला थोडी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहायला हवी. ती मागे अडकली तर दोन्ही काडतुसं एकमेकांत कुलूप लागल्यासारखी बसतात आणि स्लाइड कितीही ओढा, पुढचं काडतूस वर येत नाही. हे रस्त्यावर सुटत नाही, मॅगझिन काढून उपसावंच लागतं. म्हणून मॅगझिन घाईत भरू नका, आणि भरल्यावर बाजूच्या भोकांतून नजर टाका.

परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसं घेता येतील ते लिहिलेलं असतं, प्रत्येक खरेदीची नोंद होते. ही मर्यादा सरावाचा सगळा आराखडा ठरवते.

घरात ठेवणं

चार नियम कुठल्याही रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात, तेच घरात लागू. प्रत्येक शस्त्र भरलेलं समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही तिकडे नळी वळवू नका. साइट निशाणावर येईपर्यंत बोट चापाबाहेर. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असू द्या.

मागे काय आहे, हा नियम फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने दोनदा वाचावा. .३२ दुबळं आहे असं आपण म्हणतो, पण ते फ्लश डोअर आणि प्लायवूडचं पार्टिशन सहज पार करतं. पलीकडे मुलांची खोली आहे का, शेजाऱ्यांचा जिना आहे का, हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवून ठेवा.

उशीखाली, गादीखाली, साड्यांच्या घडीत शस्त्र ठेवणं बंद. पलंगाला किंवा भिंतीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी, आकडे दाबून उघडणारी, अंधारात चाचपून उघडता येईल अशी. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, दारूची सवय असेल, भांडणं टोकाला जात असतील, तर त्या काळात शस्त्र घरात ठेवूच नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येतं. अशा घरात चोरापेक्षा तिजोरीतल्या पिस्तुलाचाच धोका मोठा असतो.

सराव: मोजक्या काडतुसांत खराखुरा

आता मुख्य भाग. आपल्याकडचा परवानाधारक शस्त्र घेतो, एकदा उडवून बघतो आणि पुढची पाच वर्षं नूतनीकरणापुरतं बाहेर काढतो. त्याला वाटतं, वेळ आली की जमेल. वेळ आली की छाती धडधडते, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, कान बधिर होतात आणि बोटांची बारीक हालचाल जाते. तेव्हा शरीर करतं ते फक्त सवयीचं.

रोजचा सराव कोरडा, म्हणजे रिकाम्या शस्त्राने. शिस्त कडक हवी. शस्त्र उघडा, डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. भक्कम विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर कागदी निशाण, पलीकडे माणसाचा वावर नको. सेंटरफायर शस्त्रात नकली काडतुसं घातली तर पिनेवर ताण येत नाही; .२२ रिमफायरचा घोडा रिकाम्या घरावर पाडू नका, पिन कडेवर आपटते. सराव संपला की निशाण भिंतीवरून काढा. "शेवटचं एकदा" म्हणून शस्त्र पुन्हा भरल्यावर चाप ओढल्याने भिंतींना भोकं पडलीत, आणि कधी माणसांनाही.

कोरड्या सरावात एक नाणं पुढच्या साइटवर ठेवून चाप ओढा, नाणं पडता कामा नये. ते जमलं की शस्त्र तिजोरीतून काढून निशाणावर आणणं, मग होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून काढणं. होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल. पँटच्या खिशात सुटं पिस्तूल आणि किल्ल्या एकत्र ठेवणारे लोक पायाचा अंगठा गमावतात. काढताना शर्ट वर करणारा हात, पकडणारा हात, बोट चापाबाहेर. आधी सावकाश. वेग आपोआप येतो.

रेंजवर मोजकी काडतुसं असतात तेव्हा ती २५ मीटरवर गोल काळ्या निशाणावर संपवू नका. स्वसंरक्षणाचा प्रसंग बहुधा खोलीच्या लांबीत घडतो. तीन मीटर, पाच मीटर, सात मीटर. निशाण म्हणून ए-फोर कागद उभा लावा; छातीचा कामाचा भाग साधारण तेवढाच. प्रत्येक खेपेला दोनच गोळ्या, मग थांबून बघायचं. सगळ्या कागदात बसल्या तर पुढच्या वेळी वेळ कमी करा, एक बाहेर गेली तर वेळ वाढवा. मधूनमधून मित्राला मॅगझिनमध्ये तुम्हाला न सांगता एक नकली काडतूस मिसळायला सांगा. खट्ट वाजल्यावर नळी खाली झुकली तर तुम्ही बार उडण्याच्या आधीच दचकता हे तिथल्या तिथे उघडं पडतं. शिवाय अडकलेलं पिस्तूल सोडवण्याचा सरावही होतो: मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडणं, पुन्हा निशाण. रिव्हॉल्व्हरमध्ये एका घरात नकली काडतूस घालून सिलिंडर न बघता बंद करा, काम तेच.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा रेंजवर सक्तीचेच समजा. शिवाय आधी फोन करून विचारा; बऱ्याच रेंज फक्त स्पोर्ट शूटिंगच्या आहेत आणि होल्स्टरमधून काढून मारणं तर जवळजवळ कुठेच चालत नाही. म्हणूनच तो भाग घरी कोरडा करायचा.

अंतराचा हिशोब डोक्यात पक्का बसवायचा असेल तर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली गोष्ट करून बघा. सुरा घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास, दीड सेकंदात कापतो. भाच्याला अंगणात तेवढ्या अंतरावर उभं करा, तुमच्या कमरेला प्लास्टिकचं खेळण्यातलं पिस्तूल असू द्या, आणि तुम्हाला आधी इशारा न देता पळत यायला त्याला सांगा. पहिल्या खेपेला तो तुमच्या छातीवर हात आपटेल आणि तुमचा शर्टच अजून वर गेलेला नसेल. मग बाजूला सरकणं, मध्ये टेबल किंवा गाडी ठेवणं, दार लावणं या गोष्टींची किंमत कळते. शस्त्र काढण्याआधी पाय हलले पाहिजेत.

आणखी दोन सराव फुकट आहेत. एक, तीन मजले जिने चढून आल्या आल्या कोरडा सराव. धाप लागलेली असताना साइट किती नाचते ते बघा. दोन, ओरडण्याचा. "थांब! मागे हो!" हे पोटातून, मोठ्याने. मराठी घरात याची लाज वाटते, पण कितीतरी प्रसंग इथेच मिटतात, आणि पुढे शेजारी साक्षीदार म्हणून हेच ऐकलेलं सांगतात. रात्रीचा सराव करताना टॉर्च डाव्या हातात घ्या. अंधारात दिसलेली सावली उशिरा घरी आलेला मुलगा असू शकते, त्यामुळे आधी ओळख, मग बाकी सगळं.

घरच्यांसोबत एकदा ठरवून घ्या: आवाज झाला की सगळे कुठल्या खोलीत जमणार, दार कोण लावणार, ११२ कोण फिरवणार. चोर हॉलमधला टीव्ही नेत असेल तर नेऊ द्या. पिस्तूल घेऊन घर तपासत फिरणं हे पोलिसांनाही दोघा-तिघांनी मिळून करावं लागतं. तुम्ही बंद दाराआड, दाराकडे तोंड करून थांबा.

कायदा: कधी, किती

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. कलम ३८ सांगतं की शरीराच्या बचावात समोरच्याचा मृत्यू घडवण्याइतका हक्क कधी मिळतो: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला वगैरे. कलम ४१ मालमत्तेसाठी: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, असे ठरावीक प्रसंग. आणि कलम ३७ लगाम घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली की हक्क संपतो. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. धोक्यात सापडलेल्या माणसाच्या प्रतिकाराचं माप सोन्याच्या काट्याने काढू नये, ही त्यामागची भूमिका. पण स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार कोर्टात तुमच्यावर येतो. त्यासाठी वकिलाचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

प्रसंग घडलाच तर धोका संपला की थांबा, शस्त्र सुरक्षित जागी ठेवा, ११२ ला स्वतः फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागा. पुंगळ्या उचलू नका, जागा आवरू नका. शस्त्र जप्त होईल, तुम्हाला ताब्यातही घेतील. विरोध करू नका, घटना थोडक्यात सांगा आणि सविस्तर जबाब वकिलासमोर द्या.

वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, वाढदिवसाला हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी कमरेला लावून रील काढत असेल तर त्याच्यापासून लांब उभे राहा, परवाना त्याचा जाईल पण व्हिडिओत तुम्हीही असाल.

निवडणुकीचा काळ

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. लोकसभा, विधानसभा, झेडपी, महापालिका धरली तर पाच वर्षांत हे बऱ्याचदा होतं. जमा करण्याआधी शस्त्र साफ करा, तेलाचा पातळ हात द्या, नंबर आणि स्थितीचे फोटो काढा, पावतीवर शस्त्राचा नंबर परवान्याशी जुळतोय का बघा. काडतुसं जमा करत असाल तर त्यांची संख्याही पावतीवर लिहून घ्या. परत मिळाल्यावर ते तसंच तिजोरीत टाकू नका. महिना-दोन महिने दमट कोठीत पडलेलं असतं. नळीतून उजेडाकडे बघा, गंज दिसला तर ब्रश मारा, स्प्रिंग आणि पिन तपासा, मॅगझिनची काडतुसं बदला, आणि रेंजवर पाच-सहा बार काढून ते चालतंय याची खात्री झाल्यावरच पुन्हा भरून ठेवा.